पावलीचं गणित

अमेरिकेतल्या पाव डॉलरच्या नाण्याला या लेखात मी पावलीच म्हणणार आहे. आपल्याकडची चार आण्यांची पावली बोलण्यातून केव्हाच गेली. २०११ साली पंचवीस पैशांचं नाणंही चलनातून गेलं, तेव्हा शब्द रिकामाच पडला आहे. अमेरिकी पावलीचा व्यास २४.२६ मिलिमीटर, जाडी १.७५ मिलिमीटर, वजन ५.६७ ग्रॅम. व्हिडिओ गेमच्या जन्माची गोष्ट बहुतेक जण पडद्यापासून सांगायला घेतात, आणि मग ती अर्धीच कळते. पडद्यावरचा खेळ १९६२ सालीच तयार होता. पुढची नऊ-दहा वर्षं घोडं अडलं ते नाण्यापाशी.

१९६२ चा तो खेळ म्हणजे ‘स्पेसवॉर’. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठातल्या स्टीव्ह रसेल आणि मंडळींनी तो पीडीपी-१ या संगणकावर लिहिला. दोन यानं, मधोमध दोघांनाही ओढून घेणारा तारा, मोजक्या गोळ्या, मोजकं इंधन. गुरुत्वाकर्षणाची भर डॅन एडवर्ड्सची, मागच्या आकाशातले खरे तारे पीटर सॅमसनचे. खेळ म्हणून त्यात आजही खोट काढायला जागा कमी आहे. पण तो ज्या संगणकावर चालायचा त्याची किंमत होती सुमारे १,२०,००० डॉलर. म्हणजे ४,८०,००० पावल्या. एक डाव पाच मिनिटांचा धरला आणि यंत्र रात्रंदिवस न थांबता चालवलं, तरी नुसती किंमत वसूल व्हायला साडेचार वर्षं लागतील. वीज, दुरुस्ती आणि जागेचं भाडं वेगळंच.

जागेचं भाडं हा शब्दही तसा बरोबर नाही, कारण या धंद्यात भाडं नसतं, वाटा असतो. नाण्यावर चालणाऱ्या यंत्रांची मोठी पेठ शिकागो. तिथले कारखाने पिनबॉल आणि ज्यूकबॉक्स बनवायचे, वितरक ती विकायचे, आणि ऑपरेटर म्हणवणारा माणूस ती विकत घेऊन गावातल्या बारमध्ये, बोलिंगच्या दालनांत मांडायचा. ठरल्या दिवशी किल्ल्यांचा जुडगा घेऊन यायचं, गल्ला उघडायचा, नाणी मोजायची आणि बारमालकाशी साधारण निम्मंनिम्मं करायचं. आपल्या रेल्वे फलाटांवरची लुकलुकत्या दिव्यांची वजनाची यंत्रं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना यंत्र एकाचं आणि जागा दुसऱ्याची ही व्यवस्था समजावून सांगायला नको. त्यामुळे ऑपरेटरच्या हातात पडते ती पावली नव्हेच, अर्धी पावली, साडेबारा सेंट. हजार डॉलरचं यंत्र घेतलं तर ८,००० डाव झाल्यावर तो बरोबरीला येतो. एका डावाला अख्खी पावली घ्यायची चालही तेव्हा नवीनच होती. आधी दहा सेंटचा भाव असे. सेगाचा पाणबुडीचा खेळ ‘पेरिस्कोप’ १९६८ च्या सुमारास जपानहून अमेरिकेत आला, महाग होता, आणि त्याने पावलीचा भाव रुळवला.

या हिशेबाच्या विरुद्ध जाऊन एक यंत्र झालंच, आणि मला ते फार आवडतं. बिल पिट्स हा स्टॅनफर्डचा विद्यार्थी आणि त्याचा शाळेपासूनचा मित्र ह्यू टक. स्टॅनफर्डच्या संगणकावर स्पेसवॉर खेळताना टक म्हणाला होता, याला नाण्याची खाच लावता आली तर! १९७१ साली पीडीपी-११ हा संगणक बाजारात होता, त्याचं ११/२० हे रूप साधारण १४,००० डॉलरला. त्यांनी तो घेतला. सुमारे ३,००० डॉलरचा ह्युलेट-पॅकार्डचा पडदा घेतला, नाणी घेणारी यंत्रणा ज्यूकबॉक्स बनवणाऱ्या कंपनीकडची लावली, बाहेरून अक्रोडाच्या लाकडाची पेटी केली आणि हे सगळं स्टॅनफर्डच्या ट्रेसिडर युनियन या विद्यार्थ्यांच्या इमारतीत मांडलं. नाव ‘गॅलेक्सी गेम’. व्हिएतनामचे दिवस होते आणि विद्यापीठात ‘वॉर’ शब्द कुणाला नको होता. एकूण खर्च २०,००० डॉलरच्या आसपास. आणि भाव? एका डावाला दहा सेंट, पावलीत तीन डाव. भरीला, जिंकणाऱ्याचं इंधन उरलं असेल तर पुढचा डाव फुकट!

२०,००० भागिले ०.१०, उत्तर दोन लाख डाव. खेळायला तासतासभर रांग लागायची, भोवती घोळका असायचा, पण रांग कितीही लांब झाली तरी यंत्र एका वेळी दोघांनाच खेळवणार. पिट्सला हे कळत नव्हतं असं नाही. पुढच्या वर्षी त्याने नवी जोडणी केली, तीत एकाच संगणकावर अनेक पडदे चालवता येतील अशी सोय होती, म्हणजे खर्च विभागला जाईल. तोवर एकूण आकडा ६५,००० डॉलरपर्यंत गेला होता. गॅलेक्सी गेम १९७९ च्या मे महिन्यापर्यंत ट्रेसिडरमध्ये चालला. दुसरं गिऱ्हाईक त्याला मिळालं नाही. खेळ अस्सल राहिला आणि हिशेब कोलमडला. दोन्ही एकाच कारणाने: आत खराखुरा संगणक होता.

त्याच सुमारास, तिथून मोटारीने थोड्याच अंतरावर, नोलन बुशनेल आणि टेड डॅबनी ही ॲम्पेक्स कंपनीतली जोडी याच गणितावर बसली होती. बुशनेल कॉलेजात असताना युटातल्या जत्रेसारख्या करमणूक-बागेत काम करून आला होता, त्यामुळे नाणं कशाने बाहेर निघतं आणि कशाने खिशातच राहतं हे त्याला डोळ्यांनी माहीत होतं. त्यांचाही पहिला बेत संगणकाचाच होता: सुमारे ४,००० डॉलरचा डेटा जनरल नोव्हा घ्यायचा आणि त्याला अनेक पडदे जोडायचे. कागदावर ते जमलं, वेगात जमेना. एवढ्या पडद्यांवरचा प्रत्येक ठिपका वेळच्या वेळी हलवायला तो संगणक पुरा पडत नव्हता. एकेक काम संगणकाकडून काढून बाहेरच्या सर्किटला देत गेले, आणि शेवटी संगणकाला काम उरलं नाही, तेव्हा तो काढूनच टाकला. या साऱ्या इतिहासातली सगळ्यात मोलाची पायरी मला हीच वाटते, आणि ती वजाबाकीची आहे.

संगणक नाही तर ठिपका हलणार कसा? उत्तर घरगुती टीव्हीत होतं. ज्यांनी कृष्णधवल टीव्ही पाहिला आहे त्यांना मागच्या बाजूची ‘व्हर्टिकल होल्ड’ची खुंटी आठवत असेल. ती जराशी सरकली की अख्खं चित्र सावकाश वर चढायला लागायचं, आणि घरातलं कुणीतरी उठून ती पिळायचं. (मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. आपल्याकडे टीव्ही येत होता त्याच मोसमात कॅलिफोर्नियात टीव्हीच्या पेटीत नाणी पडायला लागली होती.) चित्र चढतं ते का? टीव्ही एका ठेक्यावर पडदा रंगवत असतो, चित्राचा संकेत किंचित वेगळ्या ठेक्यावर येत असतो. दोन ठेक्यांतला फरक म्हणजे चित्राची चाल. डॅबनीने हा फरक मुद्दाम आणि नेमका घडवून आणणारं सर्किट केलं. फक्त अख्ख्या चित्राऐवजी एका ठिपक्यापुरतं.

पुढची गंमत कळायला थोडे आकडे लागतील. अमेरिकी टीव्हीच्या नळीतला इलेक्ट्रॉनांचा झोत डावीकडून उजवीकडे एक ओळ ओढतो, मागे येतो, खालची ओळ ओढतो. या जुन्या खेळांत एका पूर्ण पडद्याला साधारण २६२ ओळी आणि सेकंदाला ६० पडदे. आता दोन मोजणीयंत्रं कल्पा. पहिलं पडद्याबरोबर चालतं, २६२ ओळी मोजून शून्यावर येतं. दुसरं ठिपक्याचं. तेही २६२ वर शून्यावर येत असेल तर ठिपका प्रत्येक वेळी त्याच ओळीवर उमटतो आणि आपल्याला स्थिर दिसतो. दुसऱ्याला २६१ वरच शून्यावर आणा. ठिपका दर पडद्याला एक ओळ आधी उमटतो, म्हणजे वर चढतो, सेकंदाला ६० ओळी. २६३ केलं तर तेवढ्याच वेगाने उतरतो. आडव्या चालीलाही हीच युक्ती. ‘ठिपका कुठे आहे’ हा आकडा कुठेही लिहून ठेवलेला नाही, कारण लिहून ठेवायला स्मृतीच नाही. तो फक्त दोन मोजण्यांच्या घसरणीत असतो. मेमरी महाग असण्याच्या दिवसांत यापेक्षा स्वस्त जागा ठिपक्याला मिळाली नसती.

मोजणी करणाऱ्या चिपही ऐन वेळी स्वस्त झाल्या होत्या. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची ७४०० मालिका १९६६ पासून प्लॅस्टिकच्या आवरणात मिळायला लागली, आणि सत्तरीत शिरताना या मालिकेतली गेट (होय-नाही ठरवणारी), फ्लिप-फ्लॉप (एकच होय-नाही धरून ठेवणारी), मोजणीच्या चिप किरकोळीत घेण्याजोग्या झाल्या. बुशनेल-डॅबनीचं यंत्र, ‘कॉम्प्युटर स्पेस’, अशा चिपांनी भरलेल्या तीन सर्किट-पाट्यांचं होतं. पडदा म्हणजे जनरल इलेक्ट्रिकचा १५ इंची कृष्णधवल टीव्ही. यानाचं चित्र साठवायला त्यांनी डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) वापरले, आणि पाटीवर ते डायोड चक्क यानाच्या आकारात मांडलेले दिसतात! यान फिरतं तेव्हा दिशा अनेक, चित्रं मात्र मोजकीच. बाकीच्या दिशांना तीच चित्रं आरशासारखी उलटी करून. शत्रूच्या दोन तबकड्या नेहमी जोडीने, एकाच चालीत फिरतात. खेळणाऱ्याला तो डावपेच वाटतो. खरं कारण एवढंच की दोघींना मिळून एकच सर्किट आहे.

कॉम्प्युटर स्पेसची पहिली पारख १९७१ च्या ऑगस्टमध्ये मेन्लो पार्कमधल्या डच गूज या बारमध्ये झाली. तिथे स्टॅनफर्डची पोरं यायची, खेळ चालला. माउंटन व्ह्यूच्या नटिंग असोसिएट्सने उत्पादन हातात घेतलं, ऑक्टोबरात शिकागोच्या प्रदर्शनात यंत्र मांडलं, फायबरग्लासची गोलाईदार, चमचमती पेटी केली. विकली गेली तेराशे ते पंधराशे. नवख्यांसाठी आकडा वाईट नाही, पण कंपनीला याहून बरीच आशा होती. कामगारवस्तीतल्या बारमध्ये यंत्र नुसतं उभं राहायचं. चार बटणं: डावीकडे वळा, उजवीकडे वळा, जोर द्या, गोळी झाडा. पण यान जोर थांबवल्यावरही सरकतच राहतं. न्यूटनचा नियम हातात बिअरचा ग्लास असताना नव्याने शिकायला कोण उभा राहील? डाव ९० सेकंदांचा. नियम वाचून होईपर्यंत पावली संपलेली असायची.

आता थोडं खाचेकडे. एवढ्या सगळ्या चिपांच्या आधी पावलीला एक पूर्णपणे यांत्रिक परीक्षा द्यावी लागते. विजेचा तिथे संबंध नसतो, आणि मला ती पडद्यावरच्या खेळाइतकीच देखणी वाटते. पहिली चाळणी खाचेचीच: जाड चकती आत जातच नाही. मग नाणं एका छोट्या पाळण्यात पडतं. पाळण्याच्या दोन दांड्यांमधलं अंतर व्यासाला बेतलेलं असतं. नाणं लहान असेल तर मधून खाली निसटतं आणि परतीच्या वाटेला लागतं. व्यास बरोबर पण वजन कमी असेल तर पाळणा कलतच नाही, नाणं तिथेच अडून राहतं. परतीचं बटण दाबावं लागतं ते याच्यासाठी. पाळणा कलला की नाणं उतारावरून घरंगळत एका लोहचुंबकासमोरून जातं. लोखंडी वॉशर तिथेच चिकटतो. चुंबकाला न चिकटणाऱ्या धातूतही, तो हलत असल्यामुळे, विजेचे भोवऱ्यासारखे प्रवाह निर्माण होतात आणि त्याची गती मंदावते. किती मंदावते ते धातू किती चांगला वाहक आहे त्यावर. तांब्याची चकती फार हळू होते, शिशाची जवळजवळ होतच नाही. पुढे एक छोटी ऐरण असते. नाणं तिच्यावर आपटून उडी घेतं. मंद नाणं अलीकडेच पडतं, वेगवान नाणं पलीकडच्या आडोशावर आदळून परत फिरतं, आणि पावलीच्या वेगानं आलेलं तेवढं मधल्या फटीतून गल्ल्याकडे जातं.

म्हणूनच १९६५ साली अमेरिकेने पावलीतली चांदी काढली तेव्हा नव्या नाण्यासाठी साधा धातू चालणार नव्हता. आत तांबं आणि दोन्ही बाजूंना तांबं-निकेलचा पत्रा अशी तीन थरांची पावली निवडली गेली, त्यामागे एक मोठं कारण हे होतं की देशभरातल्या नाण्यांच्या यंत्रांतल्या चुंबकासमोरून ती जुन्या चांदीच्या पावलीसारखीच सरकावी. टांकसाळीने यंत्रांचा मान राखल्याचं असं उदाहरण विरळाच.

फटीतून उतरलेलं नाणं एका बारीक तारेला धक्का देतं, ती तार खटका दाबते, आणि इथे पहिल्यांदा विजेला कळतं की पैसे आले. बिघाडही बहुतेक इथलेच. तार वाजवीपेक्षा वर वाकली असेल तर हलकं नाणं तिच्यावर बसून राहतं आणि खटका दाबलेलाच राहतो. खाली वाकली असेल तर नाणं न शिवता निघून जातं, मग गिऱ्हाईक पेटीला लाथ घालतं. खटक्याची पाती एकदाच मिटत नाही, काही सहस्रांश सेकंद थरथरते. म्हणून पुढे एक लॅच, म्हणजे पहिला धक्का धरून ठेवणारं सर्किट, लागतं, नाहीतर एका पावलीत चार डाव मिळतील. बारमधल्या यंत्राच्या उतारावर सांडलेलं गोड पेय चिकटलं तर खरी पावलीही तांब्यासारखी मंद होऊन परत येते. उपाय: यंत्रणा उचकटून काढायची, कोमट साबणपाण्याने धुवायची, पूर्ण वाळवायची, चुंबकाला चिकटलेला लोखंडाचा कीस पुसून काढायचा. आणि तेल मात्र मुळीच घालायचं नाही. तेलावर धूळ बसते आणि महिनाभरात गाडी मूळपदावर.

२७ जून १९७२ ला बुशनेल आणि डॅबनीने स्वतःची कंपनी नोंदवली, अटारी. पहिला नोकरीला ठेवलेला इंजिनिअर ॲल अल्कॉर्न, तोही ॲम्पेक्सचाच. त्याला हात बसावा म्हणून बुशनेलने एक सोपा खेळ करायला सांगितला: एक चेंडू, दोन फळ्या, गुण. जनरल इलेक्ट्रिकशी करार झाला आहे अशी थापही ठोकून दिली. कल्पना मात्र आकाशातून पडलेली नव्हती. २४ मे १९७२ ला बर्लिंगेमच्या एका हॉटेलात मॅग्नाव्हॉक्सच्या ‘ओडिसी’ या घरगुती खेळाचं प्रात्यक्षिक झालं, त्यात टेबल टेनिस होतं, आणि पाहुण्यांच्या वहीत बुशनेलची सही आहे. ओडिसीमागचं डोकं राल्फ बेअर यांचं, काम १९६६ पासूनचं. मॅग्नाव्हॉक्सने दावा लावला, १९७६ च्या जूनमध्ये तडजोड झाली आणि अटारीने परवाना घेतला. तेव्हा टेबल टेनिस कुणी पहिलं आणलं या वादात मला रस नाही, सही बोलकी आहे. अल्कॉर्नने त्याच्यावर काय चढवलं ते मात्र बघण्यासारखं आहे.

त्या खेळाचं नाव ‘पाँग’. त्याच्या पाटीवर साठ-पासष्ट चिप, प्रोसेसर एकही नाही. १४.३१८ मेगाहर्ट्झचा स्फटिक, त्याला दोनाने भागून ७.१५९. त्याचे ४५५ ठोके म्हणजे एक ओळ, सेकंदाला १५,७३४ ओळी. चेंडू म्हणजे वर सांगितलेला घसरणारा ठिपका, जरा जाड. फळीसाठी मोजणीयंत्राचाही खर्च नाही. पडद्याच्या टोकाला एक ५५५ टायमर, म्हणजे ठरावीक वेळ मोजणारी चिप, सुरू होतो. तो किती वेळाने सुटणार हे खेळणाऱ्याच्या हातातल्या, रेडिओच्या आवाजाच्या खुंटीसारख्या पॉटवर ठरतं. तो सुटला की पुढच्या पंधरा-सोळा ओळी पांढऱ्या. झाली फळी! ५५५ ही हान्स कॅमेन्झिंड यांनी सिग्नेटिक्ससाठी रचलेली चिप तेव्हा बाजारात जेमतेम आली होती. सिग्नेटिक्सचं ठाणं सनीव्हेलचंच, जिथे पाँगचं पहिलं यंत्र मांडलं गेलं.

त्या पंधरा-सोळा ओळी मोजणाऱ्या चिपमधून आणखी एक गोष्ट फुकटात काढली आहे. चेंडू फळीला लागला त्या क्षणी मोजणी कितीवर होती, यावरून फळीचे आठ भाग पडतात. मधल्या भागांना लागला तर चेंडू सरळ परततो, कडेला लागला तर तिरपा. ओडिसीच्या टेबल टेनिसपेक्षा हे वेगळं होतं, आणि सगळं कौशल्य इथेच आलं. चेंडू कडेवर घ्यायचा धोका पत्करला तरच समोरच्याला पळवता येतं. शिवाय चार टोल्यांनंतर चेंडूचा वेग वाढतो, बारानंतर पुन्हा. चुकलात की वेग मूळपदावर. गुण दशमान मोजणीच्या चिपांवर, डाव ११ वर संपवायचा की १५ वर ते ऑपरेटरने आतल्या खटक्याने ठरवायचं.

आवाजाबद्दल बुशनेलला प्रेक्षकांचा जल्लोष हवा होता, डॅबनीला चुकल्यावर हुर्यो. पाटीवर जागा नव्हती. अल्कॉर्नने ओळी मोजणाऱ्या साखळीतच कुठल्या तारांवर बरे सूर मिळतात ते हुडकलं. तिथला प्रत्येक पुढचा टप्पा आधीच्या निम्म्या कंपनसंख्येचा, म्हणजे एकेक सप्तक खाली उतरणारा. फळीचा टोला वरच्या सप्तकात आणि भिंतीचा खालच्या, हे कुणी संगीत म्हणून योजलेलं नाही. भागाकाराचा तो सूर आहे.

नमुना तयार झाला तो असा: ७५ डॉलरचा हिताचीचा कृष्णधवल टीव्ही, चारेक फुटी लाकडी पेटी, हाताने सोल्डर केलेल्या तारा. अटारी काही पिनबॉल यंत्रं ऑपरेटर म्हणूनही चालवायची, त्यांतलंच एक ठिकाण सनीव्हेलचं अँडी कॅप्स टॅव्हर्न. १९७२ च्या उन्हाळ्याअखेर यंत्र तिथे गेलं, आणि थोड्या दिवसांत बंद पडल्याचा निरोप आला. अल्कॉर्नने उघडून पाहिलं तर सर्किट ठणठणीत, गल्ला म्हणून ठेवलेलं भांडं नाण्यांनी ओसंडून खटका अडकलेला. ही गोष्ट इतक्यांदा सांगितली गेली आहे की तिच्यातला बोध गुळगुळीत झालाय. मला तिच्यातला तांत्रिक भाग जास्त पटतो. गल्ल्यात समजा १०० डॉलर जमले, तर ४०० पावल्या, सव्वादोन किलोहून जास्त धातू, आणि चारशेंची एकावर एक चळत सत्तर सेंटिमीटर उंच. गल्ला हाही हिशेबानेच बेतायचा भाग आहे, हे नमुना करताना कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. इतर यंत्रांच्या सुमारे चौपट कमाई होईल अशी कुणाची अपेक्षाच नव्हती.

२९ नोव्हेंबर १९७२ ला पाँग बाजारात आला. यंत्रावरची मुख्य सूचना एका ओळीची होती: चेंडू चुकवू नका, गुण वाढतील. एका हाताने खेळता येतो, दुसऱ्या हातात ग्लास राहतो.

चोरही लगेच आले. कोरडी हवा, पायाखाली गालिचा, अंगावर साठलेली स्थितिक वीज. नाण्याच्या दाराला बोट लावून ठिणगी पाडली की लॅच फसायचं आणि फुकट डाव मिळायचा. उपाय म्हणून पाटीच्या नकाशात एक तार दिसते, तिच्यापाशी लिहिलंय ‘अँटेना’. पाँगला रेडिओ नाही. ती तार ठिणगीचा झटका टिपते आणि लॅच परत शून्यावर आणते. मोठे चोर मात्र दुसरे होते. प्रोग्रॅम नव्हताच, सगळं कौशल्य तांब्याच्या रेघांत उघडं पडलेलं, चिपांवर क्रमांक छापलेले, पाटी समोर ठेवून नक्कल करायला काही आठवडे पुरायचे. १९७३ संपेपर्यंत बाजारात फळी-चेंडूची यंत्रं दाटली होती आणि त्यांतली थोडीच अटारीची. (याच कारणाने आज पाँगची ‘रॉम’, म्हणजे खेळाचा प्रोग्रॅम साठवलेली चिप, शोधू नये. तशी चीजच नाही. संगणकावर तो खराखुरा चालवायचा तर एकेका चिपचं वागणं वठवावं लागतं.)

अशी एखादी पाटी आज हाती आलीच, तर क्रम महत्त्वाचा. आधी टीव्ही. त्या काळच्या कित्येक सेटची चॅसी (आतला धातूचा सांगाडा) थेट मेन विजेशी जोडलेली असते, तेव्हा सेटला मेनपासून तोडणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर असल्याखेरीज हात लावू नये. नळीवर बंद केल्यानंतरही हजारो व्होल्टचा भार टिकतो, तो आधी प्लग काढून चॅसीत उतरवायचा. मग वीजपुरवठा: ५ व्होल्ट चिपच्या पायांवर मोजायचे, पुरवठ्याच्या टोकाशी नव्हे. ४.७५ च्या खाली गेले तर ७४०० मालिका लहरीपणा करते, आणि दोष एकेका चिपमध्ये शोधत आठवडा जातो. पन्नास वर्षांचे फिल्टर कपॅसिटर सरळ बदलून टाकावेत. मग स्फटिकाचे ठोके, मग आडवी मोजणी, मग उभी. आडवी अडली असेल तर पुढचं काही तपासून उपयोग नाही, उभीला ठोके तिच्याकडूनच मिळतात. फळी थरथरत असेल तर चिप उपटू नका, पॉटचा कार्बन झिजला किंवा मळला असेल. फळी अजिबात नसेल तर तिचा ५५५ आणि शेजारचा कपॅसिटर. गुणांच्या आकड्यातली एखादी काडी गायब असेल तर त्या काड्या पेटवणारी ७४४८ ही चिप.

एका लक्षणासाठी मात्र सोल्डरची बंदूक तापवायची नाही. खुंटी टोकापर्यंत पिळली तरी फळी पडद्याच्या अगदी वरच्या कडेला पोहोचत नाही, थोडी फट राहते. टायमर कितीही कमी केला तरी त्याचा अवकाश शून्य होत नाही, म्हणून. अल्कॉर्नला हा दोष दिसला होता आणि तो दुरुस्त करणं त्याला अवघड नव्हतं. पण फळी सगळीकडे पोहोचली तर दोन मुरलेले गडी एका पावलीत रात्र काढतील, आणि पाठीमागे उभा असलेला तिसरा आपली पावली खिशात ठेवून घरी जाईल. त्याने फट तशीच ठेवली. चेंडू वेग घेतो, वरच्या भिंतीला खालच्या सप्तकात ठोकतो, फळीच्या डोक्यावरून निघून जातो, आणि तिसरा गडी पुढे सरकून खाच चाचपतो.